गोळी त्याने खाल्ली, मग उत्तर पण त्यालाच द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की मानसिक रुग्णांवर नवीन औषधांच्या ट्रायल होतात त्या सरसकट बंद करा, बिचाऱ्यांना काही कळत नसतं, कंपन्या त्यांना उंदरासारखं वापरतात वगैरे. लिहिणाऱ्याची तळमळ खरी असेल, मी नाही म्हणत नाही. पण ते पत्र माझ्या भावाने सकाळी चहा पिता पिता वाचलं आणि पेपर माझ्यापुढे सरकवून म्हणाला, ताई, हा उंदीर म्हणजे मी का गं? म्हणून लिहायला बसले. मला लिहायची सवय नाही, पतपेढीत २६ वर्षं क्लार्क म्हणून काढली, हिशोबाच्या पलीकडे कधी लिहिलं नाही, तेव्हा लांबलं तर कापा.

भाऊ आता ४४ वर्षांचा आहे. स्किझोफ्रेनिया, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येतात, भलते संशय येतात तो आजार, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला सुरू झाला. आम्ही परळच्या चाळीतले, वडील गिरणीत होते, ८२च्या संपानंतर जे घरी बसले ते बसलेच. त्यामुळे भाऊ रात्री गॅलरीत उभा राहून कुणाशी तरी बोलायला लागला तेव्हा आधी देवऋषी झाला, मग उतारे झाले, मग आई त्याला नरसोबाच्या वाडीला घेऊन गेली, आणि दोन वर्षांनी आम्ही हॉस्पिटलच्या ओपीडीत केसपेपर काढला. ती दोन वर्षं अजून मला खातात पण तो विषय आज नाही.

२०१९च्या पावसाळ्यात तो जिथे दाखवतो तिथल्या डॉक्टरांनी ट्रायलचं विचारलं. आवाज गोळीने बरेचसे गप्प झाले होते, पण माणूस तसाच बसून राहायचा, आंघोळीला दहा वेळा सांगावं लागायचं, जुना मित्र भेटला तरी तोंडातून शब्द नाही. ह्याला निगेटिव्ह लक्षणं म्हणतात आणि ह्याच्यावर असलेली औषधं फारशी चालत नाहीत, हे आम्हाला तोपर्यंत कुणी नीट सांगितलंच नव्हतं, आम्ही आपले आळशी झालाय म्हणून त्याच्यावर ओरडायचो. ट्रायल अशी होती की चालू गोळी तशीच ठेवायची आणि वर एक नवीन गोळी सहा महिने घ्यायची, अर्ध्यांना खरी, अर्ध्यांना तशीच दिसणारी नुसती पिठाची, आणि कोणाला कुठली ते डॉक्टरांनाही माहीत नाही. हे मुद्दाम सांगते कारण लोकांना वाटतं ट्रायल म्हणजे चालू औषध काढून घेतात. काही ट्रायलमध्ये तसं असतं, पण त्या बहुतेक चारसहा आठवड्यांच्या आणि पेशंटला अ‍ॅडमिट ठेवून केलेल्या असतात. आमची तशी असती तर मी त्याच दिवशी केसपेपर घेऊन घरी आले असते, खोटं कशाला बोलू.

डॉक्टर चांगले होते पण बोलत होते माझ्याशी. ताई तुमची काही हरकत नाही ना, ताई तुम्ही घरी विचार करा. भाऊ बाजूच्या खुर्चीत. पाचसात मिनिटं ऐकून घेतलं त्याने आणि मग म्हणाला, डॉक्टर, गोळी मी खाणार आहे. एवढंच. महिनोन्महिने आपणहून एक वाक्य न बोलणारा माणूस! डॉक्टर ओशाळले, खुर्ची वळवली आणि पहिल्यापासून सगळं परत त्याला सांगितलं.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ काय सांगतो ते मी नंतर वाचलं. आजार आहे म्हणून माणसाला निर्णय घेता येत नाही असं धरायचं नाही, सांगितलेलं समजलं, होय केलं तर काय आणि नाही केलं तर काय हे उमगलं, किंवा आपलं म्हणणं कसंही, खुणेने का होईना, सांगता आलं की उपचाराचा निर्णय त्याचा. आणि संशोधनासाठी वेगळं कलम आहे, ९९ नंबरचं, त्यात संमती त्या माणसाचीच लागते. तो देऊच शकत नसेल आणि विरोधही करत नसेल तर राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी आणि त्याने नेमलेल्या प्रतिनिधीची संमती, ते पण हे संशोधन संमती देऊ शकणाऱ्या माणसांवर करणं शक्यच नसेल तरच. दिलेली संमती कधीही मागे घेता येते. म्हणजे पत्रलेखक म्हणतात तसं "ह्यांना काही कळत नसतं" हे कायदा मानत नाही. मग आपण कोण मानणारे.

आता कागदांचं. माहितीपत्रक २२ पानी होतं, मराठीत. म्हणजे अक्षरं मराठी होती. "सहभागी व्यक्तीचे यादृच्छिकीकरण करण्यात येईल" हे वाक्य मी पतपेढीत चार जणांना दाखवलं, त्यातला एक मराठीचा एम.ए., कोणाला कळलं नाही. शेवटी तिथली कोऑर्डिनेटर मुलगी म्हणाली, काका, छापा-काटा. कम्प्युटर छापा-काटा करतो आणि तुमच्या नशिबी कुठली गोळी ते ठरतं. झालं, भावाला तिथल्या तिथे समजलं. एवढं सोपं असताना २२ पानं का? कर्जाच्या फॉर्मवर लोक सही कुठे करायची एवढंच बघतात, जामीनदार तर तेही बघत नाही, मी आयुष्यभर हेच बघत आलेय, त्यामुळे मला माहितीये की लांब कागद वाचणाऱ्यासाठी नसतो, लिहिणाऱ्याच्या बचावासाठी असतो. तरी आम्ही तो घरी आणला आणि चार रात्री बसून वाचला, हे मात्र सगळ्यांनी करावं, तिथल्या तिथे सही करूच नये आणि कागद घरी न्यायला कोणी नाही म्हणालं तर तिथूनच उठावं.

भावाने वहीत प्रश्न काढले होते. पहिला, मी मेलो तर? आईने कपाळावर हात मारला. पण प्रश्न बरोबरच होता. २०१९च्या मार्चमध्ये नवीन औषधं आणि ट्रायलचे नियम आले त्यात हे सगळं आहे, ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट, कायमची इजा किंवा मृत्यू ट्रायलमुळे झाला असं ठरलं तर भरपाई, आणि तिचं चक्क सूत्र आहे, मूळ रक्कम ८ लाख धरायची आणि मग वय आणि आधीचा धोका ह्याप्रमाणे कमीजास्त. मी दुपारच्या सुट्टीत पतपेढीच्या कॅल्क्युलेटरवर भावाचा हिशोब करून बघितला आणि मग कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून उगाच रडले. असो.

हे नियम आकाशातून पडले नाहीत. स्वास्थ्य अधिकार मंच नावाची संस्था बेकायदा ट्रायलच्या विरोधात २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात गेली, तेव्हा काय काय बाहेर आलं ते तुमच्याच पेपरात आम्ही वाचलंय. पत्रलेखकांचा राग बहुतेक तिथला आहे आणि तो बरोबर आहे. मानसिक आजारात तर अजून एक जुनी गोष्ट, २००५ मध्ये ब्रिटनच्या एका मोठ्या सायकिअ‍ॅट्रीच्या मासिकात भारतातली ट्रायल छापून आली, मेनियाच्या, म्हणजे डोकं अति चढून झोप-भान उडालेल्या, २९० पेशंटांवर, निम्म्यांना पिठाची गोळी, म्हणजे मेनियाने पेटलेल्या माणसाला औषध आहे हे माहीत असून तीन आठवडे पिठाची गोळी. त्यावर तेव्हा बरीच टीका झाली आणि व्हायलाच हवी होती. पण त्याच्यातून शिकून नियम कडक करणं वेगळं आणि दुकानच बंद करा म्हणणं वेगळं.

२०१३ साली एक नियम आला की संमती घेताना व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं, पुढे तो नवीन रेणूच्या, म्हणजे अगदी नव्या रसायनाच्या, औषधापुरता आणि ज्यांच्यावर दबाव येऊ शकतो अशा लोकांपुरता ठेवला. हेतू एकदम चांगला, की नंतर कोणी म्हणू नये ह्याला सांगितलंच नव्हतं. आमच्या ट्रायलला तो लागू होता. आता तुम्ही विचार करा. माझा भाऊ आजाराच्या पहिल्या वर्षी पंख्याकडे बोट दाखवून म्हणायचा, वर कॅमेरा लावलाय, मला बघतायत. आम्ही स्टुलावर चढून पंखा खोलून दाखवला होता त्याला. आणि त्या दिवशी छोट्या खोलीत शिरतो तर समोर ट्रायपॉडवर कॅमेरा, लाल दिवा लागलेला. माझ्या पोटात गोळा आला. भाऊ त्या कॅमेऱ्याकडे बघत राहिला, बराच वेळ, मग माझ्याकडे वळला आणि म्हणाला, ताई, ह्यावेळी खरंच आहे ना? मी म्हटलं हो, ह्यावेळी खरंच आहे. हसला. किती महिन्यांनी हसताना पाहिलं. आणि मग खुर्चीत बसून कॅमेऱ्यात बघून नाव सांगितलं, वय सांगितलं, काय समजलं ते स्वतःच्या शब्दांत सांगितलं, छापा-काट्यासकट. वहीतले प्रश्न पण तिथेच विचारले. मग सही केली. हा माणूस बिचारा?

पण सगळ्यांचं असं होणार नाही हेही मला कळतं. दुसरा कोणी त्या लाल दिव्याला घाबरून पळून गेला असता, किंवा घाबरून हो म्हणाला असता, जे जास्त वाईट. म्हणून कॅमेरा आधी दाखवा, बंद करून दाखवा, हातात घेऊ द्या, रेकॉर्डिंग कोण बघणार ते सांगा. दहा मिनिटं जातील. नियमात हे लिहिलेलं नसेल पण अक्कल वापरायला नियम लागत नाही.

मग सहा महिने दर काही आठवड्यांनी जायचं. रक्त, ईसीजी, वजन, उरलेल्या गोळ्या मोजून परत. येण्याजाण्याचे पैसे मिळायचे. आणि मुलाखत. ३० मुद्द्यांची एक मोजपट्टी असते, पॅन्स म्हणतात, जगभर स्किझोफ्रेनियाच्या ट्रायलमध्ये हीच वापरतात, एकेका मुद्द्याला १ ते ७ मार्क, म्हणजे कमीत कमी ३० आणि जास्तीत जास्त २१०, आणि इथे मार्क जितके कमी तितकं बरं. तास तास चालायची. आवाज येतात का, काय म्हणतात, लोक तुमच्याबद्दल बोलतात असं वाटतं का, आठवड्यात कोणाकोणाला भेटलात. भाऊ बाहेर येऊन म्हणायचा, एवढे प्रश्न मला एवढ्या वर्षांत कोणी विचारले नव्हते. ओपीडीत काय असतं, झोप लागते का, जेवण जातं का, गोळ्या चालू ठेवा, पुढचा. डॉक्टरांचा दोष नाही, बाहेर रांग जिन्यापर्यंत असते.

चौथ्या महिन्यापासून तो सुधारला. मी डोळ्यांनी बघितलंय. खाली जाऊन दूध आणायला लागला, पूर्वी गणपतीत वर्गणीचं पुस्तक लिहायला बसायचा, तसा माघी गणपतीला परत बसला. आता हे गोळीमुळे की दर काही दिवसांनी कोणीतरी तासभर त्याच्याशी नीट बोलत होतं म्हणून, ते मी कसं सांगू. स्किझोफ्रेनियाच्या ट्रायलमध्ये पिठाच्या गोळीवर पण सुधारणारे गेल्या काही दशकांत वाढत चाललेत आणि औषध कंपन्यांची त्यामुळे झोप उडालीय. २०२४च्या नोव्हेंबरात एम्राक्लिडीन नावाच्या गाजावाजा झालेल्या औषधाच्या दोन ट्रायल अशाच आपटल्या, औषध पिठाच्या गोळीच्या पुढे जाऊच शकलं नाही. शेअर बाजारवाले रडले. मी मात्र ती बातमी वाचून विचार केला, की पिठाच्या गोळीने माणूस सुधारतो म्हणजे त्या गोळीभोवती जे काय असतं, वेळेवर भेटणं, ऐकून घेणं, गोळ्या मोजून विचारणं, ते आमच्या ओपीडीत का नाही मिळत?

आणि ट्रायल म्हणजे फक्त कंपनीची गोळी हाही एक गैरसमज. आपल्या साताऱ्यात झालीय एक, साताऱ्यात, गोव्यात आणि तमिळनाडूत मिळून, २८२ पेशंट, २०१४ मध्ये लॅन्सेट ह्या ब्रिटनच्या नावाजलेल्या डॉक्टरी नियतकालिकात छापून आली. त्यात नवीन गोळी नव्हतीच. गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून घरोघरी पाठवलं, घरच्यांशी बोलायचं, गोळ्या चुकू द्यायच्या नाहीत, हळूहळू कामाला लावायचं. वर्षभराने बघितलं तर नुसतं दवाखान्यात जाणाऱ्यांपेक्षा ह्यांची लक्षणं आणि अडचणी थोड्या जास्त कमी झाल्या होत्या. थोड्याच, जादू नाही. पण छापा-काटा करून तपासलं म्हणून तर खात्रीने बोलता येतं, नाहीतर आमच्या देवऋषाकडे पण बरे झालेले दहा जण होतेच की.

ट्रायल बंद करा म्हणणाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाच्याच क्लोझापिन नावाच्या औषधाची गोष्ट वाचावी. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये त्या औषधाने पेशंटच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपल्या, माणसं गेली, बऱ्याच ठिकाणी औषध मागे घेतलं. तिथेच संपलं असतं. पण अमेरिकेत पुन्हा नीट ट्रायल झाली, ज्यांना कुठलंच औषध लागू पडत नव्हतं असे २६८ पेशंट, सहा आठवडे, १९८८ ला निकाल आला, जुन्या औषधावर १०० त ४ सुधारले, क्लोझापिनवर ३०. आज नियमित रक्त तपासून ते देतात. आमच्याच चाळीतला एक मुलगा त्याच्यावर आहे आणि कुरिअरचं काम करतो. त्या २६८ जणांनी सही केली नसती तर तो आज कुठे असता?

आणि आत्ताची औषधं पुरेशी आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी ती एकदा घेऊन बघावीत. भाऊ ओलान्झापिन ह्या नेहमीच्या गोळीवर ९४ किलोला गेला. २००५ मध्ये अमेरिकन सरकारच्या पैशाने केलेली एक मोठी ट्रायल आली, जवळजवळ १५०० पेशंट, त्यात १८ महिन्यांच्या आत १०० तल्या ७४ जणांनी दिलेली गोळी सोडली किंवा बदलली. सत्तर वर्षं बहुतेक औषधं डोपामिन ह्या मेंदूतल्या एका रसायनाच्याच मागे. २०२४च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत पहिल्यांदा वेगळ्या वाटेने जाणारं एक आलं, झॅनोमेलिन आणि ट्रॉस्पियम मिळून, आणि गंमत म्हणजे झॅनोमेलिन मुळात अल्झायमरसाठी तपासत होते, तिथे भास कमी झालेले दिसले पण पोट इतकं बिघडायचं की ते बाजूला टाकलं, बऱ्याच वर्षांनी कोणाच्या तरी डोक्यात आलं की पोटाचा त्रास अडवणारं दुसरं औषध सोबत देऊया. आलं तेव्हा, २०२४ ला, किंमत तिकडे महिन्याला १,८५० डॉलर होती. भाऊ म्हणाला, परळची खोली विकली तर किती महिने येतील? मी हिशोब केला नाही.

आता माझी तक्रार, कारण तक्रार आहेच, नुसतं कौतुक करायला मी पत्र लिहीत नाहीये.

२०२० च्या फेब्रुवारीत शेवटची भेट झाली. गोळ्या मोजल्या, उरलेल्या घेतल्या, थँक यू म्हणाले, चहा दिला. आणि गोळी बंद. भावाने विचारलं, मला खरी होती की पिठाची? म्हणाले सगळ्यांचं पूर्ण झालं की कळवू. मग लॉकडाऊन लागला. मग ती कोऑर्डिनेटर मुलगी नोकरी सोडून गेली. नंतर मी दोनदा जाऊन आले, एकदा सांगितलं कंपनीला विचारा, एकदा सांगितलं तुम्ही अर्ज द्या. अर्ज दिला, पोच घेतली, ती पोच अजून माझ्याकडे आहे. उत्तर नाही. भावाचं दूध आणणं त्या उन्हाळ्यात बंद झालं. लॉकडाऊनमुळे, गोळी बंद झाल्यामुळे की भेटी बंद झाल्यामुळे, हे निदान खरी का पिठाची ते कळलं असतं तर थोडं तरी ठरवता आलं असतं. ट्रायलनंतर औषध चालू ठेवायची सोय नियमात आहे, औषधाचा फायदा दिसला, दुसरा उपाय नसला, डॉक्टरांनी शिफारस केली आणि एथिक्स कमिटीने, म्हणजे ट्रायल नीट होते का ते बघणाऱ्या समितीने, मान्य केलं तर कंपनीने फुकट द्यायचं. आम्हाला हे तेव्हा माहीत नव्हतं आणि कोणी सांगितलं नाही. त्या २२ पानांत होतं का बघितलं, एकोणिसाव्या पानावर अर्धी ओळ आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की सही घेताना कॅमेरा लावता तसा शेवटच्या दिवशी पण लावा, आणि त्या कॅमेऱ्यासमोर त्याला सांगा आता गोळीचं काय होणार, उत्तर कधी मिळणार, नाही मिळालं तर कोणाकडे जायचं. निकाल लागला की एक पान मराठीत पोस्टाने पाठवा, अपयश आलं असलं तरी. भारतात २००९ पासून प्रत्येक ट्रायल सरकारच्या सीटीआरआय रजिस्टरवर नोंदवावी लागते, नेटवर कोणालाही बघता येतं, आमची पण आहे तिथे, पण ते सगळं इंग्रजीत आणि डॉक्टरांच्या भाषेत, माझ्या आईने काय करावं त्याचं. आणि एथिक्स कमिटीत कमीत कमी ७ लोक लागतात, निम्मे बाहेरचे, एक सामान्य माणूस पण लागतो. मानसिक आजाराची ट्रायल असेल तेव्हा त्या सामान्य माणसाच्या खुर्चीत ज्याने ही गोळी खाल्लीय असा कोणीतरी बसवा ना. माझा भाऊ जाईल. वेळेवर जाईल, वही घेऊन जाईल.

परत अशी ट्रायल आली तर जाशील का, असं मी त्याला हे पत्र लिहिताना विचारलं. म्हणाला, आधी मागचं उत्तर दे म्हणावं.

नाव छापू नका, चाळीत अजून सगळ्यांना माहीत नाही आणि खोलीच्या रिडेव्हलपमेंटचं चाललंय, उगाच कोणी त्याची सही चालत नाही म्हणून बसायचं. पत्र त्याला वाचून दाखवलं. दोन ठिकाणी खोडायला लावलं, वजन मात्र राहू दे म्हणाला. आणि विचारत होता की छापून आलं तर ती कोऑर्डिनेटर मुलगी वाचेल का.

आपली,
एक बहीण, परळ